स्वस्त बेसचे कान

कारखान्याला बेस गिटार स्वस्तात काढायची असली की कात्री आधी धातूवर चालते. लाकूड कापणारं संगणकी यंत्र स्वस्त मॉडेल आलं म्हणून हात आखडत नाही. इंडोनेशियात किंवा चीनमध्ये कापलेली नेक आणि बॉडी हल्ली चांगलीच नेटकी निघते. पिकअप म्हणजे चुंबकाभोवती गुंडाळलेली तांब्याची केसाएवढी तार. त्यातही आता फार वाईट माल येत नाही. पण एका टोकाला तारा ताणणारे चार ट्यूनर आणि दुसऱ्या टोकाला त्या धरून ठेवणारा ब्रिज, इथे जस्ताच्या ओतीव मिश्रधातूवर पातळ क्रोमचा मुलामा चढवला की काम भागतं. दुकानाच्या भिंतीवर टांगलेल्या बेसकडे बघून कुणाला ते कळत नाही. कळतं ते वर्षभराने, गणपतीतल्या कार्यक्रमात तिसऱ्या गाण्याला सगळ्यात जाड तार उतरते आणि कीबोर्डवाला मान वळवून बघतो तेव्हा.

मग सल्ले सुरू होतात. ट्यूनर बदल, ब्रिज बदल, बघ बेसचं कसं सोनं होतं. सल्ला देणाऱ्याने स्वतः पैसे घातलेले असतात, त्यामुळे सोनं झालंच असं तो छातीठोकपणे सांगतो. हा सल्ला अर्धा खरा आहे. कुठला अर्धा, ते पैसे मोजण्याआधी कळलेलं बरं.

ज्याच्या डोक्यातून ही सगळी यंत्रणा निघाली त्या लिओ फेंडरला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. तो रेडिओ दुरुस्त करणारा माणूस. कॅलिफोर्नियातल्या फुलरटन गावात १९३८ साली त्याने दुरुस्तीचं दुकान टाकलं, तिथून तो ॲम्प्लिफायरकडे वळला आणि पुढे गिटारींकडे. १९५१ साली त्याचा प्रिसिजन बेस बाजारात आला. आडवा धरून वाजवायचा, फ्रेट असलेला इलेक्ट्रिक बेस त्याआधी सिॲटलच्या पॉल टुटमार्कने १९३० च्या दशकातच करून पाहिला होता, पण तो धंद्यात टिकला नाही. फेंडरचा टिकला, कारण दुरुस्ती करणाऱ्या माणसाने तो बनवला होता: प्रत्येक भाग स्क्रूने लागणारा, स्क्रूने निघणारा. सत्तर वर्षांनी डोंबिवलीतला एखादा मुलगा घरी बसून ब्रिज बदलायचा विचार करू शकतो, त्याचं श्रेय त्या रेडिओवाल्याला आहे.

त्या पहिल्या ब्रिजवर सॅडल दोनच होती, दोन तारांत मिळून एक. सॅडल मागेपुढे सरकवून तारेची लांबी जुळवतात. दोन तारा एकाच सॅडलवर असल्या की एकीचं जमलं तर दुसरीचं फिसकटतं. १९५७ साली फेंडरने चार सॅडल दिली आणि तेव्हापासून तो आराखडा जवळजवळ तसाच चालत आला आहे. काटकोनात वाकवलेला पोलादी पत्रा, त्यावर चार सॅडल, मागून स्प्रिंग घातलेले लांब स्क्रू, वरून उंचीसाठी ग्रब स्क्रू. आज स्वस्त बेसवर जो पत्रा दिसतो तो हाच. आणि गंमत अशी, की जुन्या धर्तीचे म्हणून दसपट किमतीला विकले जाणारे बेस असतात, त्यांच्यावरही हाच वाकवलेला पत्रा असतो. तिथे त्याला कुणी नावं ठेवत नाही.

स्वस्त बेस हा प्रकारसुद्धा फेंडरच्याच घरातला. १९६५ साली फेंडरने मिशिगनमधली स्क्वायर ही तारा बनवणारी जुनी कंपनी विकत घेतली होती. पुढे जपानी कारखाने फेंडरच्या नकला इतक्या चांगल्या काढू लागले, की १९८२ साली फेंडरने जपानमध्येच गिटारी बनवून घ्यायला सुरुवात केली आणि थोड्याच काळात त्यांतल्या स्वस्त गिटारींवर ते स्क्वायर नाव चढवलं. आज जपानी स्क्वायर जुन्या बाजारात चढ्या भावाने जातात. उत्पादन नंतर कोरिया, चीन, इंडोनेशिया असं सरकत गेलं.

मुंबईत वाद्यांच्या धंद्याचा जुना पत्ता धोबीतलाव. १८६५ पासूनचं फुर्टाडोज, जेर महालातले गोव्याच्या लोकांचे कूड म्हणजे गावकीची वसतिगृहं, गोव्याहून आलेले आणि त्या कूडांच्या आधाराने शहरात पाय रोवलेले वादक. राहुलदेव बर्मन यांच्या वाद्यवृंदात बेस वाजवणारे टोनी वाझ याच गोवेकर परंपरेतले. दुरुस्तीची माणसं मात्र आता गल्लीबोळांत विखुरली आहेत. मी ज्यांच्याकडे दुपारभर बसलो होतो ते उपनगरात, तळमजल्याच्या एका खोलीत काम करतात. नाव छापू नका म्हणाले, आहे तीच गर्दी आवरत नाही. सगळे त्यांना अंकल म्हणतात, मीही तेच म्हणतो. टेबलावर जुनं ब्लँकेट, त्यावर कानशी, अ‍ॅलन की, शिसपेन्सिल, मेणबत्तीचा तुकडा आणि फेविकॉलची बाटली.

इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असलेला एक मुलगा बेस घेऊन आला. सोबत नव्या कोऱ्या ट्यूनरचं खोकं, सील न तोडलेलं.

"अंकल, हे बसवून द्या. सूर राहतच नाही."

"कुठली तार?"

"ई आणि ए. जी पण कधीकधी."

अंकलनी खोक्याकडे पाहिलंही नाही. बेस ब्लँकेटवर आडवा ठेवला आणि ए तार सूर दाखवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक ट्यूनरवर पाहून सुरात आणली. मग नटच्या मागे, म्हणजे नट आणि ट्यूनर यांच्या मधल्या भागात, तारेवर अंगठ्याने जोरात दाबलं. बारीकसा 'टिक' आवाज आला. त्या इलेक्ट्रॉनिक ट्यूनरची सुई सरकली ती परत आलीच नाही.

"ऐकलंस? तुझी तार इथे अडकते रे बाबा. खुंटी बिचारी आपल्या जागी आहे."

नट म्हणजे हेडस्टॉकच्या, नेकच्या ट्यूनर असलेल्या टोकाच्या, तोंडाशी असलेली खाचांची पट्टी. स्वस्त बेसवर ती प्लॅस्टिकची असते आणि खाचा घाईने पाडलेल्या असतात. खाच अरुंद असली की जाड तार तिच्यात आवळून बसते. खुंटी फिरवली की नटच्या मागचा ताण वाढतो, पुढचा वाढत नाही. मग वाजवता वाजवता एखाद्या जोरदार फटक्याला तार खाचेतून सुटते आणि सूर चढतो किंवा उतरतो. वाजवणाऱ्याला वाटतं खुंटी घसरली. अंकलनी गोल कानशीने खाच दोन-चारदा हलकेच घासली आणि शिसपेन्सिलचं टोक आत फिरवलं. शिसं म्हणजे ग्राफाइट, त्यावरून तार घसरते. खाच खोल होऊ द्यायची नाही, फक्त रुंद करायची. खोल झाली तर मोकळी तार पहिल्या फ्रेटवर खडखडते आणि मग नट बदलण्यावाचून गत्यंतर नाही.

दुसरा दोष तार गुंडाळण्यात होता. बेसच्या खुंटीला मधोमध चीर असते आणि चिरेच्या तळाशी भोक. तार आधी कापायची, तिचं टोक त्या भोकात उभं खुपसायचं, काटकोनात वाकवायचं आणि मग वरून खाली वेढे घालायचे. खुंटीच्या पुढे साधारण वीतभराहून थोडी कमी तार ठेवली की दोन ते तीन वेढे नीट बसतात. या मुलाने ए तारेला एकच वेढा दिला होता. फेंडर धर्तीच्या हेडस्टॉकवर डी आणि जी तारा एका छोट्या चकतीखाली दाबलेल्या असतात, ए तारेला असा आधार नसतो. वेढे खालपर्यंत उतरले नाहीत तर ती नटवर पुरेशा कोनात बसत नाही आणि झणझणते. नवे ट्यूनर लावून हाच एक वेढा दिला असता, तर तक्रार तशीच राहिली असती.

ट्यूनर घसरतो ही समजूतच मुळात तपासायला हवी. ट्यूनरचा कान, म्हणजे बोटांनी फिरवायचा चपटा भाग, फिरवला की त्याला जोडलेला मळसूत्री दांडा फिरतो आणि दातेरी चाकाला दात्यादात्याने पुढे ढकलतो. बेसच्या ट्यूनरमध्ये कान साधारण वीस वेळा फिरवावा तेव्हा खुंटी एकदा फिरते. उलटं मात्र होत नाही. तार कितीही ओढू दे, चाक मळसूत्राला फिरवू शकत नाही, कारण तिरक्या दात्यांमधलं घर्षण ते होऊ देत नाही. आपल्या तंबोऱ्याची खुंटी नुसत्या लाकडी घर्षणावर उभी असते, म्हणून ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात घसरते, आणि मिरजेचे कारागीर ती घासून, खडू लावून बसवून देतात. बेसच्या ट्यूनरला ही व्यथा नाही. चार तारांचा मिळून पाऊणशे किलोच्या आसपास ताण असतो, तो ते स्वस्तातले ट्यूनरसुद्धा निमूटपणे पेलतात.

मग स्वस्त ट्यूनरमध्ये वाईट काय? दाते आणि मळसूत्र यांच्यातली फट. चांगल्या ट्यूनरमध्ये दोन्ही एकमेकांत चपखल बसतात, स्वस्तात ढिले. कान उलट फिरवला की काही अंश नुसताच फिरतो, तारेला पत्ता नसतो, आणि मग एकदम सूर उडी मारतो. अशा ट्यूनरवर सूर कधीही उतरवत आणायचा नाही. आधी हवा त्याहून खाली जायचं आणि खालून वर चढत सुरावर थांबायचं, म्हणजे फट तारेच्या बाजूने बंद राहते. ही सवय फुकट आहे. महागड्या ट्यूनरवरही हीच चांगली. शिवाय दातेरी चाकाच्या मधोमध एक स्क्रू असतो, तो वर्षानुवर्षं कुणी आवळत नाही. अंकलनी चारही आवळले. ई तारेच्या ट्यूनरचा कान तरीही लटलटत राहिला.

"हा एक खरोखर गेलाय," ते म्हणाले. "पण तुझ्या खोक्यातले याच्या भोकात बसतात का ते आधी बघू."

बसत नव्हते. हीच या धंद्यातली सगळ्यात सामान्य फसगत. अमेरिकी धर्तीच्या हेडस्टॉकवर भोक साधारण साडेसतरा मिलीमीटरचं असतं, बऱ्याच आशियाई स्वस्त बेसवर चौदाच्या आसपास. खोक्यावर मॉडेलचं नाव जुळतं आणि दांडा आत शिरत नाही. ड्रिलने भोक मोठं करायला गेलं की मेपलच्या कडा उडतात. करायचंच तर रीमरने, हळूहळू, दोन्ही बाजूंनी. त्याआधी पाठीच्या स्क्रूंची भोकं जुन्यांशी जुळतात का ते पाहायचं. नाही जुळली तर जुन्या भोकांत आगकाडी आणि फेविकॉल भरून रात्रभर सुकू द्यायचं, मग नवं बारीक भोक पाडायचं. स्क्रूला मेण लावल्याशिवाय मेपलमध्ये फिरवायचा नाही. स्वस्त स्क्रू मऊ असतात, निम्म्यात डोकं तुटतं, आणि तुटलेला स्क्रू काढायला नव्या ट्यूनरपेक्षा जास्त वेळ जातो. कॅलिपर नसेल तर ऑनलाइन खरेदी करू नये, इतकं सरळ आहे हे. मुलाने खोकं परत पिशवीत टाकलं. परत घेतील का, हे विचारायला त्याने तिथूनच फोन लावला.

आता ब्रिज. इथे श्रद्धेचा भाग जास्त.

१९७० च्या दशकात लिओ क्वान या नावाखाली बॅडॲस नावाचा जाडजूड ब्रिज आला. पत्र्याच्या जागी भरीव धातू, खोल खाचा, सॅडल डावी-उजवीकडे हलणार नाहीत अशी. कॅनडाच्या रश बँडच्या गेडी लीने आपल्या जॅझ बेसवर तो चढवला. अमेरिकी बेसवादक मार्कस मिलरच्या १९७७ च्या जॅझ बेसवरही तोच होता. दोघांचा आवाज तेजस्वी, धारदार, आणि मग हिशोब मांडला गेला: जड ब्रिज, मोठा आवाज, लांब टिकणारा सूर. मिलरच्या त्या बेसवर रॉजर सॅडोव्स्की या कारागिराने आवाज उठावदार करणारा प्रीॲम्पही बसवला होता आणि अंगठ्याने मारायची त्याची पद्धत कुणालाही उसनी मिळत नाही, हे हिशोबात धरलं गेलं नाही.

दुसऱ्या बाजूला डेट्रॉइटचा जेम्स जेमरसन. मोटाउन या रेकॉर्ड कंपनीच्या कितीतरी गाजलेल्या गाण्यांत बेस त्याचा आहे. १९६२ चा प्रिसिजन, मूळचा पत्र्याचा ब्रिज, त्यावरच्या क्रोमच्या झाकणाखाली स्पंज, आणि वर्षानुवर्षं न बदललेल्या सपाट वेढ्यांच्या तारा. सूर लांब टिकू नये अशीच सगळी व्यवस्था. बेसवाल्यांच्या पिढ्या त्या आवाजामागे धावल्या. तेव्हा पत्र्याचा ब्रिज वाईट आवाज देतो असं म्हणणाऱ्याने आधी जेमरसन ऐकावा.

पदार्थविज्ञान काय म्हणतं? म्युनिकच्या जर्मन सैन्यदलांच्या विद्यापीठात हेल्मुट फ्लायशर यांनी इलेक्ट्रिक गिटार आणि बेसच्या कंपनांची बारकाईने मापं घेतली. टिलमन झ्विकर यांच्यासोबतचा त्यांचा निबंध १९९८ साली ध्वनिशास्त्राच्या नियतकालिकात आला. बेसवाल्यांना एक जुना त्रास ठाऊक असतो: जी तारेवर पाचव्या ते सातव्या फ्रेटच्या आसपास एखादा सूर वाजवला की तो लगेच मरतो. याला डेड स्पॉट म्हणतात. फ्लायशर यांनी दाखवलं ते असं, की तारेची शक्ती तिथे नेकमधून गळते. ज्या कंपनसंख्येला नेक स्वतः डोलायला राजी असते, नेमका तोच सूर तिथे लागला की तार आपली शक्ती नेकला देऊन मोकळी होते. बॉडीवर घट्ट बसलेला ब्रिज त्यामानाने जवळजवळ हलतच नाही. म्हणजे गळती ज्या टोकाला आहे त्याच्या दुसऱ्या टोकाला आपण जाड धातू चढवतो आणि सूर लांबेल अशी वाट पाहतो.

यातून एक गमतीचा निष्कर्ष निघतो. सुराच्या बाबतीत काही बदलण्याची शक्यता असेल तर ती ट्यूनर बदलण्यात जास्त आहे. हेडस्टॉकवरचं वजन कमी-जास्त झालं की नेकची स्वतःची कंपनसंख्या सरकते, आणि तिच्याबरोबर डेड स्पॉटही सरकतो. घरी पाहता येतं. हेडस्टॉकला सुताराचा एखादा छोटा शिकंजा कापड घालून लावा आणि जी तारेवर एकेक फ्रेट वाजवत जा. मेलेला सूर बहुधा एखाद्या फ्रेटने सरकलेला असेल. तो नाहीसा होत नाही, जागा बदलतो. तुमच्या गाण्यांत जो सूर लागत नाही तिथे तो गेला तर फायदा, लागतो तिथे आला तर तोटा. हे आधी सांगता येत नाही, आणि सांगणाऱ्या दुकानदारावर विश्वास ठेवू नये.

हलक्या ट्यूनरचा निर्विवाद फायदा वेगळाच आहे, आणि तो खांद्याला कळतो. बेसची नेक लांब. नटपासून सॅडलपर्यंत ३४ इंच, त्यापुढे हेडस्टॉक, त्यावर चार जाड ट्यूनर. बॉडी हलक्या लाकडाची असली, किंवा गिब्सनच्या थंडरबर्डसारखी पट्ट्याची खुंटी अडनिड्या जागी असली, की हात सोडताच नेक जमिनीकडे झुकते. वाजवणारा डाव्या हाताने सूरही लावतो आणि वजनही उचलतो. लांब तरफेच्या टोकाचं थोडं वजन कमी केलं तरी मोठा फरक पडतो. न्यूयॉर्क राज्यातल्या हिपशॉटने किंवा जपानच्या गोटोने बनवलेले हलके ट्यूनर यासाठी घेतले, तर पैसे वसूल. हिपशॉटचाच एक खटक्याचा ट्यूनर आहे: दांडी खाली केली की ई तार पूर्ण एक स्वर उतरून डी होते, ४१ हर्ट्झवरून साधारण ३७ वर, आणि दांडी वर केली की परत. गाण्याच्या मध्ये ज्यांना खालचा डी लागतो त्यांना हा फार सोयीचा. मात्र ज्या बेसचा नट तार अडकवतो त्यावर हा खटका लावला तर फजितीच. प्रत्येक वेळी तार वेगळ्या ठिकाणी परतेल.

ब्रिज कधी बदलावा याचीही खरी कारणं आहेत, ती आवाजाची नाहीत. पहिलं, सॅडल इकडेतिकडे सरकतात. पत्र्यावर त्यांना धरायला खाच नसते. जोरात वाजवणाऱ्याची ई तार हळूहळू कडेकडे जाते. गोटोचा २०१ हा ब्रिज इथे बरा पडतो, कारण त्यात सॅडलला खोबण असते आणि तो बऱ्याच फेंडर धर्तीच्या बेसवर जुन्याच पाच भोकांत बसतो. बऱ्याच म्हणजे सगळ्या नव्हे, पुन्हा कॅलिपर. दुसरं कारण आपल्या किनाऱ्याचं. वसई असो, रत्नागिरी असो की मडगाव, खारी हवा आणि वाजवणाऱ्याचा घाम मिळून उंचीच्या ग्रब स्क्रूंना गंज चढवतात. मग अ‍ॅलन की आत फिरते, स्क्रू फिरत नाही. त्यात अमेरिकी बनावटीला इंचातली की लागते आणि आशियाई बनावटीला मिलीमीटरमधली; जवळजवळ बसतेय म्हणून चुकीची की दामटली, की षटकोनाचा गोल होतो. गोव्यात तियात्राच्या नाहीतर लग्नाच्या बँडमध्ये आठवड्यात चार-चार कार्यक्रम करणाऱ्या बेसवाल्याचा ब्रिज कसा दिसतो ते एकदा जवळून पाहावं. त्यावरही अंकलचं उत्तर आधी स्वस्तातलं असतं: फक्त ग्रब स्क्रू बदला, स्टेनलेस स्टीलचे. आठ स्क्रूंना चहा-वड्याचे पैसे पडतात. सॅडलच कुजली असतील तर मग ब्रिज.

त्या मुलाचा ब्रिज त्यांनी काढला तेव्हा खाली एक गोष्ट दिसली, ती घरी काम करणाऱ्याने विसरू नये. बॉडीतून एक उघडी तार ब्रिजच्या पत्र्याखाली येऊन दबलेली असते. ती अर्थची. तिच्यामुळे तारांना बोट लागलं की गुणगुण कमी होते. नवा ब्रिज बसवताना ही तार बाजूला सरकली किंवा रंगाच्या थराखाली गेली, तर आवाज सुधारण्याऐवजी पंखा लावल्यासारखी घरघर सुरू होते. मुलाच्या बेसमध्ये ती काळी पडली होती. अंकलनी सँडपेपरने चकचकीत केली. त्याच तारेमुळे बेसच्या तारा थेट ॲम्पच्या अर्थला जोडलेल्या असतात, हेही लक्षात असू द्या. मंडपात जनरेटरवर वायरिंग कशीही ओढलेली असते. बेस धरून माइकला ओठ लावताना झटका बसला, तर दोष ब्रिजचा नसतो. कार्यक्रम थांबवून वायरमनला बोलवावं.

जाड ब्रिजचा एक तोटा खोक्यावर कधी छापत नाहीत. त्याचा तळ जाड असल्याने सॅडल कितीही खाली केली तरी पत्र्यावरच्याइतकी खाली जात नाहीत. तारा फ्रेटपासून उंच राहतात, बोटं दमतात, आणि मग नेकच्या बुडाशी पत्ती घालून तिचा कोन बदलावा लागतो. एका बदलातून दुसरा निघतो. भोकं जुळत नसतील तर नवी पाडण्याआधी नटच्या दोन कडेच्या खाचांतून ब्रिजपर्यंत दोरा ताणून पाहावा: दोन्ही दोरे नेकच्या कडांपासून सारख्या अंतरावर धावले पाहिजेत. ब्रिज दोन मिलीमीटर जरी एका अंगाला बसला, तरी जी तार नेकवरून घसरत राहते आणि ते कुठल्याच सॅडलने सुधारत नाही.

शेवटी त्यांनी इंटोनेशन लावलं. बाराव्या फ्रेटवर तारेला नुसता स्पर्श करून निघणारा सूर आणि तिथेच तार दाबून निघणारा सूर, दोन्ही इलेक्ट्रॉनिक ट्यूनरवर पाहायचे. दाबलेला चढा आला तर सॅडल मागे, उतरला तर पुढे. जुन्या तारांवर हे करण्यात अर्थ नाही, त्यांचं वजन जागोजागी बदललेलं असतं. म्हणून नव्या तारा आधी घातल्या. ट्रस रॉड, म्हणजे नेकच्या आतली सळई, पाव फेरा आवळला, कारण पावसाळ्यात नेक पुढे वाकली होती. मुलाने वाजवून पाहिलं आणि काही बोलला नाही; वाजवतच राहिला. ई तारेचा ट्यूनर लटलटतच होता, पण सूर राहत होता. त्याच जातीचा एक सुटा ट्यूनर अंकलच्या डब्यात निघाला, कुणाच्या तरी मोडलेल्या बेसचा. तो लागला.

"ब्रिज?" मुलाने विचारलं.

"ब्रिजला काय झालंय?" अंकल म्हणाले.

अमेरिकेत दोन-अडीचशे डॉलरला मिळणाऱ्या बेसवर नामांकित कंपनीचे चार ट्यूनर आणि जाड ब्रिज लावायचे म्हटले, तर त्या दोघांची किंमत बेसच्या किमतीच्या जवळ जाऊन पोचते. आपल्याकडे त्यावर आयातीचा भार आणि पोस्टाचा खर्च. तेवढ्यात एका चांगल्या जुन्या बेसकडे जाता येतं. तरीही कुणाला आपल्या पहिल्या बेसवर जीव जडला म्हणून पैसे घालायचे असतील तर खुशाल घालावेत. नेक चांगली असेल तर तो वेडेपणा नाही. फक्त क्रम पाळावा. आधी नव्या तारा. मग जाणत्या माणसाकडून सेटअप, त्यात नट आला. महिनाभर वाजवून पाहावं. त्यानंतरही कान लटलटत असेल किंवा नेक झुकत असेल तर ट्यूनर. सॅडल सरकत किंवा गंजत असतील तर ब्रिज, सगळ्यात शेवटी.

आणि काढलेले जुने भाग फेकू नका. स्क्रूंसकट पिशवीत घालून बेसच्या खोक्यात ठेवा. जुन्या बाजारात स्वस्त बेसला महागडे ट्यूनर लागलेत म्हणून गिऱ्हाईक जास्त पैसे देत नाही. विकायच्या वेळी जुने परत चढवा, नवे काढून पुढच्या बेसला लावा, आणि त्या बेसच्या भोकाचं माप आधी घ्या.